शेर, मतला, काफिया : घरच्या घरी ओळख

शायरी म्हणजे उर्दूची आणि कविता म्हणजे मराठीच्या पेपरातल्या गुणांची, अशी वाटणी आपल्या बऱ्याच घरांत झालेली दिसते. वाशिंदसारख्या गावात मूल घरी नात ऐकते आणि शाळेत अभंग पाठ करते. दोन्हींत शब्द मोजूनमापून बसवलेले असतात, हे मात्र त्याला क्वचितच कुणी सांगते. मग मराठी कविता त्याला परक्या घरची वाटू लागते. ती परकी नाही, एवढे आज पाहू.

आधी मोजमाप. मराठीत ह्रस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. जोडाक्षराचा जोर मागच्या अक्षरावर पडला, तर तेही गुरू होते. 'पक्षी' मधला 'प' असा गुरू आहे. आता उदाहरणासाठी आम्हीच जुळवलेल्या या दोन ओळी घ्या :

शेतात पावसाचे पाणी भरून आले
होते उडून गेले, पक्षी फिरून आले

बोटांवर मोजा. दोन्ही ओळींत 24 मात्रा येतील आणि लघु-गुरूंचा क्रमही सारखाच राहील. या क्रमाला मराठीत वृत्त म्हणतात, उर्दूत बहर. आमच्या ओळींचे वृत्त आहे आनंदकंद. अभंगात मात्रांऐवजी अक्षरे मोजतात : मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार.

आता गझलेचे शब्द. एक ओळ म्हणजे मिसरा, दोन मिसऱ्यांचा एक शेर. दोन्ही ओळींच्या शेवटी जसाच्या तसा येणारा 'आले' हा शब्द रदीफ. त्याच्या आधीचे 'भरून', 'फिरून' हे यमकाचे शब्द काफिया. दोन्ही ओळींत काफिया आणि रदीफ असलेला पहिला शेर म्हणजे मतला. पुढच्या शेरांत ते फक्त दुसऱ्या ओळीत येतात :

दारात कोण आहे? अम्मी पुसे मुलाला
गावातले कुणी की कोणी दुरून आले?

या शेरात ना पाऊस आहे, ना पक्षी. गझलेत प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा असतो; सगळ्यांना बांधतात ते वृत्त, काफिया आणि रदीफ. साधारणपणे निदान पाच शेर असावेत. शेवटच्या शेरात शायराने आपले टोपणनाव, म्हणजे तखल्लुस, गुंफले तर तो मक्ता.

ही मांडणी महाराष्ट्राला नवी नाही. उर्दू गझलेचे आद्य शायर मानले जाणारे वली आणि त्यांच्यानंतरचे सिराज हे दोघेही औरंगाबादचे. फारसीचे अभ्यासक माधव ज्यूलियन यांनी 'गज्जलांजली'तून ही रचना मराठीत आणली. सुरेश भटांनी ती गावोगाव पोचवली आणि नवख्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली. सांगलीकडच्या दुधगावचे इलाही जमादार यांनी मराठी गझलेतच नाव कमावले. त्याआधी कित्येक शतके, श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठी ओवीत रचला होता. आपल्या मुलांनी ही नावे घरात ऐकायला हवीत.

काही पालक विचारतात, शायरी जायज आहे का? कुरआन शरीफमध्ये 'शुअरा' नावाची 26 वी सूरत आहे. तिच्या अखेरीस भरकटलेल्या कवींवर टीका आहे. पण ईमान राखणारे, नेक अमल करणारे आणि अल्लाहचे स्मरण करणारे कवी त्यातून वगळले आहेत. मदिनेत हजरत हस्सान बिन साबित (रजि.) हे रसूलुल्लाह (स.) यांच्या बाजूने काव्य रचत असत. म्हणजे प्रश्न कवितेचा नाही, तिच्यातून काय बोलतो याचा आहे. मुलाच्या वहीत चार ओळी सापडल्या, तर रागावण्याआधी त्या वाचाव्यात, एवढे आमचे सांगणे.

या महिन्याचा गृहपाठ सगळ्या घरासाठी. 'आले' हीच रदीफ ठेवा. 'करून', 'धरून', 'स्मरून' असे काफिये मुलांना शोधू द्या आणि एक शेर जुळवा. मात्रा चुकल्या तर चुकू द्या, पुन्हा मोजा. दादी-नानींना जात्यावरच्या ओव्या आठवत असतील, तर त्याही वहीत उतरवून घ्या. त्या कुठे छापलेल्या मिळतीलच असे नाही.