लाज कोणास वाटावी?

मोबाइल हातीं आला कीं मुलें बिघडलीं, असें म्हणून मोकळें होण्याचा प्रघात सध्यां पडला आहे. आम्हांस हें मत मान्य नाहीं. स्वतःचें विवस्त्र छायाचित्र दुसऱ्यास पाठविणें, ज्यास 'सेक्स्टिंग' हें नांव पडलें आहे, तें बहुधा दुराचारानें नव्हे तर विश्वासानें घडतें. "माझ्यावर प्रेम असेल तर पाठव," असें कोणी दहा वेळां म्हणतो आणि अकराव्या वेळीं मन द्रवतें. हा विषय शाळेच्या वार्षिकांत शोभत नाहीं असें ज्यांस वाटेल, त्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, तो त्यांच्या घरांत न विचारतां शिरलेला आहे.

दुसरा प्रकार याहून कुटिल. इन्स्टाग्रामवर कोणी अनोळखी 'मुलगी' एखाद्या विद्यार्थ्याशीं गोड बोलूं लागते, प्रथम आपलें म्हणून एक चित्र धाडते व मग त्याचें मागते. तें हातीं पडतांच सूर पालटतो: पैसे दे, नाहीं तर हें तुझ्या मित्रांस व आईबापांस दाखवितों. ती मुलगी नसतेच. असतात ते भामटे. पैसे दिल्यानें मागणी थांबत नाहीं, वाढते. या धंद्याचें खरें भांडवल चित्र नव्हे, तर घरीं कळेल ही धास्ती होय. तें भांडवल त्यांस कोण पुरवितें, याचा विचार पालकांनीं करावा.

कॅनडांतील अमँडा टॉड या मुलीची हकीकत जगजाहीर आहे. सातवींत असतां, संगणकाच्या कॅमेऱ्यापुढें, एका अनोळखी माणसाच्या आर्जवास ती क्षणभर भुलली. त्या क्षणाचें चित्र त्यानें तिच्या ओळखीच्या लोकांत पसरविलें. तिनें शाळा बदलल्या. चित्र मागोमाग आलें. १० ऑक्टोबर २०१२ रोजीं, अवघ्या पंधरा वर्षांची असतां, तिनें जीवन संपविलें. छळणारा इसम नेदर्लंड्सचा होता. २०२२ सालीं कॅनडांतील न्यायालयानें त्यास तेरा वर्षांची शिक्षा दिली. पण तिच्या शाळांतून तिची हेटाळणी करणारे सोबती होते, त्यांस कोणती शिक्षा?

"आम्हीं कोठें काढलें? आम्हीं फक्त पुढें धाडलें," असें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमान्वयें अठरा वर्षांखालील व्यक्तीचें असें चित्र पुढें धाडणें हाच गुन्हा आहे. पहिल्याच अपराधास पांच वर्षांपर्यंत कैद व दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. अपराधी स्वतः अल्पवयी असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढें जातें; पण जातें. आतां तर स्नेहसंमेलनांतील साध्या छायाचित्रावरूनही यंत्राच्या साह्यानें खोटें विवस्त्र चित्र बनवितां येतें. तीही कोणास थट्टा वाटते!

मोबाइल काढून घेणें हा उपाय पालकांस प्रथम सुचतो. आम्हांस तो उलटा वाटतो. कारण तो काढून घेतला जाईल हें मुलास ठाऊक असतें, आणि म्हणूनच तें कांहीं बोलत नाहीं. एकटें राहून तें भामट्यास पैसे देतें. त्याऐवजीं "सांगितलेंस हें बरें केलेंस," एवढेंच प्रथम म्हणावें; चौकशी मागाहून. मग पैसे देऊं नयेत, दुसरें चित्र देऊं नये, संदेश पुसूं नयेत, कारण तोच पुरावा. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा क्रमांक आहे. पैसे गेले असल्यास १९३०. 'टेक इट डाउन' नांवाची एक विनामूल्य सोयही आहे. तींत चित्र कोणास दाखवावें लागत नाहीं. त्यावरून मोबाइलमध्येंच एक सांकेतिक खूण तयार होते, तेवढीच पुढें जाते, व तिच्यावरून सहभागी कंपन्या आपापल्या ठिकाणचें तें चित्र शोधून काढून टाकतात.

हे दोन क्रमांक, आणि घरीं सांगितल्यास मार बसणार नाहीं ही गोष्ट, प्रसंग येण्यापूर्वींच मुलांच्या कानांवर घालावी. रात्रीं जेवतांना सांगितली तरी चालेल.