वस्तीचे ऋण

कर्करोग हा सुखवस्तूंचा रोग आहे आणि त्यावरचे उपाय गरिबांच्या आवाक्याबाहेरचे आहेत, अशी एक समजूत समाजात, आणि खेदाने म्हणावे लागते की कार्यकर्त्यांतही, रूढ आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत ती सर्वस्वी खोटी आहे. हा रोग प्रामुख्याने गरीब स्त्रीलाच गाठतो. आणि तो रोखण्याचे स्वस्त मार्ग महाराष्ट्रातील गरीब स्त्रियांच्याच सहभागातून सिद्ध झाले आहेत.

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, खेड्यांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत या रोगाच्या विषाणूची केवळ एकदा चाचणी झाली, तेथील ३४ हजार स्त्रियांपैकी ३४ जणी दगावल्या. तुलनेसाठी तपासणीविना राहिलेल्या ३१ हजारांपैकी ६४. या तुलनेच्या नैतिकतेवर पुढे तीव्र वाद झाला व तो रास्तच होता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून केलेल्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्तनाच्या कर्करोगातही शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती भुलीचे साधे औषध टोचल्यास पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६ वरून ९० टक्क्यांवर जाते, हे २०२३ साली टाटा स्मारकाच्याच पुढाकाराने झालेल्या अभ्यासात दिसले. पुण्यात तयार झालेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील प्रतिबंधक लसही २०२३ पासून बाजारात आहे.

म्हणजे विज्ञानाने आपले काम केले आहे. राहिले आहे ते राज्यसंस्थेचे. ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असे केंद्र सरकारचे मार्गदर्शन २०१६ पासून कागदावर आहे. त्यानंतरच्या, २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय आढळले? ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीही झालेल्या स्त्रिया देशभरात शेकडा दोनसुद्धा नव्हत्या.

या विसंगतीचे चित्र नवी मुंबईत डोळ्यांसमोर उभे राहते. ९५ गावांच्या जमिनींवर वसवलेल्या या शहरात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था २००२ पासून उभी आहे. देशभरातून रुग्ण तेथे येतात. पण तुर्भ्याच्या वस्तीतली, वाशीच्या बाजारात धान्य निवडणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी स्त्री तेथे जाते ती बहुधा रोग हाताबाहेर गेल्यावर. तपासणीसाठी एक दिवस मोडला की त्या दिवसाची मजुरी बुडते. दवाखान्यात आडोसा नसतो. दोष आढळला तर पुढे कोठे जायचे हे कोणी सांगत नाही. या अडचणींना अज्ञान म्हणणे ही सोयीची पळवाट आहे.

लस आवश्यक आहे, पण तिचा पुरा लाभ आजच्या मुलींना मिळेल; त्यांच्या आयांना तपासणीवाचून तरणोपाय नाही. म्हणून नवी मुंबई आणि पनवेल या दोन्ही महानगरपालिकांकडे आमची मागणी स्पष्ट आहे: प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक सायंकाळ या तपासणीसाठी राखून ठेवावी, ती करणाऱ्या सेविकांना कायम वेतन द्यावे आणि दोष आढळलेल्या स्त्रीच्या उपचारांची जबाबदारी पालिकेने शेवटपर्यंत उचलावी.

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न डॉक्टरांचा म्हणून बाजूला सारू नये. पाणी आणि रेशन यांच्या मोर्च्यात जी स्त्री पुढे असते, तिच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे. आपल्या प्रभागातील केंद्रात गेल्या वर्षी किती स्त्रियांची तपासणी झाली, हा आकडा प्रत्येक शाखेने लेखी मागावा. धाराशिवच्या बायाबापड्यांनी जगाला जे ज्ञान दिले, ते त्यांच्याच वर्गाच्या दारी परत आणणे हे ऋण आहे, आणि ऋण मागून घ्यायला संकोच कसला?