संगणकयुगांतील उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीच्या फलकांवरच अधिक दिसतो. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं त्याचा अर्थ निराळा होता. इंग्रजी अमदानींत एकादा होतकरू तरुण कचेरींत किंवा वकिलाच्या हाताखालीं बिनपगारी अथवा अल्प वेतनावर काम करण्यास राही. तो दप्तरें बांधी, नकला उतरी, मोठ्यांच्या कामाकडे लक्ष ठेवी, आणि आज ना उद्यां आपणांस जागा मिळेल अशी उमेद बाळगी. म्हणून तो उमेदवार. आज महाविद्यालयीन विद्यार्थी ज्याला ‘इंटर्नशिप’ म्हणतात ती हीच उमेदवारी होय. फरक इतकाच कीं, कचेरीच्या जागीं कंपनी आली आहे व बोरूच्या जागीं संगणक.

समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या सान्निध्यांत वसलेल्या आपल्या अंकुशनगरांत ही गोष्ट फारशी समजावून सांगावी लागूं नये. गळीत हंगामाच्या आरंभीं नवा आलेला फिटर पहिल्याच दिवशीं टर्बाइनला हात लावीत नाहीं. तो अनुभवी कारागिराच्या मागें हिंडतो, हत्यारें देतो-घेतो, आवाजावरून यंत्राची प्रकृति ओळखावयास शिकतो. अशा उमेदवारांसाठीं १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि १९७३ च्या दुरुस्तीनें पदवी व पदविका घेतलेले अभियंतेही त्यांत आले. संगणकावर प्रोग्रॅम लिहिणें, म्हणजे कोडिंग, हाही एक हातचा धंदा आहे, आणि तोही असाच शिकावा लागतो.

या विषयावर लिहिण्याचें कारण असें. आपल्या शाळेंतून बाहेर पडलेलीं मुलें जालना, छत्रपति संभाजीनगर किंवा पुणें येथें संगणकाचें शिक्षण घेऊं लागतात, आणि दोन-तीन वर्षांत इंटर्नशिपचा प्रश्न पुढें उभा राहतो. मग पालक आम्हां शिक्षकांस विचारतात, “गुरुजी, अमुक एक संस्था कांहीं हजार रुपये घेऊन इंटर्नशिप व प्रमाणपत्र देते म्हणे, पैसे भरावे काय?” कोणी त्यासाठीं कापसाचे पैसे बाजूला ठेवितो, कोणी घरांतील सोनें मोडण्याची भाषा करितो. यावर माझें मत सरळ आहे. उमेदवारी ही विकत घेण्याची वस्तु नव्हे. ती आपल्या हातून झालेलें काम दाखवून मिळवावयाची असते. जें केवळ पैसे भरून मिळतें तिला पावती म्हणावें. उमेदवारी म्हणूं नये.

कामावरून माणूस पारखण्याची ही रीति आपल्या देशांतील संगणकाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९५० नंतरच्या दशकांत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तरुणांच्या एका लहान तुकडीनें संगणक बांधावयास घेतला. त्यांपैकीं बहुतेकांनीं तत्पूर्वीं संगणक वापरलेलाही नव्हता. बांधतां बांधतां ते शिकले. १९६० मध्यें यंत्र चालूं झालें व १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्यास ‘टिफरॅक’ असें नांव दिलें. पुढें १९८८ सालीं पुण्यांत ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्यें तेथें ‘परम’ हा महासंगणक तयार झाला. त्या कार्याचे नेते डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांत जन्मलेले. खेड्यांतील जन्म ही अडचण असूं शकते. ती अपात्रता नव्हे.

आजचें उदाहरण पाहावयाचें तर पवईच्या आय. आय. टी. मध्यें ‘फॉसी’ नांवाचा उपक्रम आहे. सर्वांस मोफत वापरतां येतील अशीं संगणकीय साधनें शिक्षणांत आणावीं हा त्याचा हेतु. या उपक्रमाच्या उन्हाळी फेलोशिपसाठीं इच्छुक विद्यार्थ्यांना आधीं एक काम नेमून दिलें जातें; तें करून पाठवावें लागतें, आणि त्यावरून निवड होते. जगाच्या पातळीवर गूगल कंपनीनें २००५ पासून ‘समर ऑफ कोड’ नांवाचा असाच उपक्रम चालविला. प्रथम तो विद्यापीठांतील विद्यार्थ्यांपुरता होता; २०२२ पासून अठरा वर्षांवरील इतर नवशिक्यांसही खुला करण्यांत आला. त्यांतही उमेदवार काय करूं इच्छितो याचा लेखी आराखडा मागतात, आणि निवड झालेला तरुण घरीं बसून काम करितो व मानधन मिळवितो. अशा ठिकाणीं वडिलांची ओळख उपयोगी पडत नाहीं, आणि कॉलेजाच्या इमारतीची उंचीही कोणी मोजीत नाहीं.

तर मग दाखविण्याजोगें काम कोणतें? येथें आपल्या मुलांची एक गैरसमजूत आहे. त्यांना वाटतें कीं पुस्तकांतला कॅल्क्युलेटर किंवा दुसऱ्याचा खेळ उतरून काढला म्हणजे झालें. असे कॅल्क्युलेटर तपासणाऱ्यानें शेंकडों पाहिलेले असतात. त्यापेक्षां आपल्या आसपास दृष्टि टाकावी. ऊसतोडणींत नवरा-बायकोच्या जोडीस एक कोयता म्हणतात. हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घेतली जाते. हंगामभर प्रत्येक खेपेचें वजन काट्यावर होतें, टनाच्या दरानें मजुरी धरली जाते, आणि अखेरीस उचल वजा करून हिशेब होतो. तो हिशेब तोडणी करणाऱ्या कुटुंबास पुष्कळदां स्वतः पडताळून पाहतां येत नाहीं. समजा, एकाद्या मुलीनें पायथन भाषेंत लहानसा प्रोग्रॅम लिहिला कीं, तारीख, वजन व दर भरले असतां मजुरी किती झाली, उचलीपैकीं किती फिटली व किती उरली हें मराठींत दिसावें. काम छोटें दिसतें. परंतु करूं लागलें कीं खरे प्रश्न समोर येतात. एकच पावती दोनदां भरली गेली तर ती कशी ओळखावी? वजन चुकीचें पडलें तर दुरुस्ती कशी करावी, व मूळची नोंद पुसूं नये यासाठीं काय योजावें? मध्येंच वीज गेली तर? या प्रश्नांचीं उत्तरें शोधतांना जें शिक्षण होतें तेंच कंपनीस हवें असतें. दूध संकलन केंद्र, बचत गट, पतसंस्था, शाळेचें ग्रंथालय, अशीं किती तरी क्षेत्रें आपल्या पायाशीं आहेत.

शिकण्याचीं साधनेंही आतां दूर राहिलीं नाहींत. मुंबई आय. आय. टी. च्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमांत पायथन, सी, लिनक्स इत्यादि विषयांचे पाठ मराठी निवेदनासह मोफत ऐकतां-पाहतां येतात. ‘स्वयम्’ व ‘एनपीटेल’ यांवरील अभ्यासक्रम शिकण्यास पैसे पडत नाहींत. प्रमाणपत्राची परीक्षा द्यावयाची असेल तर तेवढी फी असते. एका वेळीं एकच भाषा धरावी व ती हाताशीं बसेपर्यंत सोडूं नये. पांच भाषांचीं नांवें अर्जांत लिहून एकींतही दहा ओळी न येणें हें लाजिरवाणें आहे. शिवाय ‘गिट’ हें साधन लवकर शिकावें. आपण केव्हां काय बदललें याची तें रोजकीर्दीसारखी नोंद ठेवितें, आणि ‘गिटहब’वर ठेविलेलें काम कोणासही पाहतां येतें. त्याबरोबर प्रोग्रॅम कशासाठीं आहे, कसा चालवावा, त्यांत काय उणें आहे, हें साध्या इंग्रजींत एक पानभर लिहावें. ज्याला आपलें काम समजावून सांगतां येतें त्याच्यावर काम सोंपवितां येतें.

आतां शोधावें कोठें? महाविद्यालयाचा प्लेसमेंट विभाग, ‘एआयसीटीई’चें इंटर्नशिप पोर्टल आणि शासकीय योजना हीं पहिलीं दारें होत. राज्य सरकारनें २०२४ च्या जुलैंत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तींत सुरुवातीस सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठीं बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आय. टी. आय. किंवा पदविकाधारकास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये ठेविले होते. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या फेरींत २१ ते २४ वयाच्या तरुणांस बारा महिने दरमहा ५,००० रुपये व एकदां ६,००० रुपये देण्याची तरतूद होती. अशा योजनांचे नियम बदलत असतात. तरी अर्जापूर्वीं सरकारी संकेतस्थळावर चालू नियम वाचून घ्यावे. दुसरें दार लहान कंपन्यांचें. मोठ्या नांवाच्या मागें सारेच धांवतात. पण दहा-पंधरा माणसांच्या कंपनींत नवशिक्यास खरें काम लवकर मिळतें. शंभर ठिकाणीं एकच पत्र पाठविण्यापेक्षां दहा ठिकाणीं दहा निरनिराळीं पत्रें पाठवावीं. त्यांत आपण कोण, काय तयार केलें, तें कोठें पाहतां येईल व त्याच कंपनींत कां यावयाचें आहे, एवढेंच असावें. बहुतेकांकडून उत्तर येणार नाहीं. त्यानें खचूं नये. एका स्मरणपत्रानंतर पुढचें दार ठोठवावें.

उमेदवारी मिळणें हें अर्धें काम. ती पार पाडणें हें उरलेलें अर्धें. आपलीं मुलें कष्टांत कोणास हार जाणार नाहींत, परंतु साहेबांपुढें गप्प राहण्याची संवय त्यांना नडते. समजलें नाहीं तरी ‘हो सर’ म्हणावें आणि आठ दिवस अंधारांत चांचपडावें, हा आदर नव्हे. प्रथम स्वतः तासभर प्रयत्न करावा. मग काय केलें, काय घडलें व कोठें अडलें हें सांगून विचारावें. असा प्रश्न कोणासही आवडतो. पहिल्या आठवड्यांत नवें लिहिण्यापेक्षां दुसऱ्यांनीं लिहिलेलें वाचावें. बदल लहान करावा व देण्यापूर्वीं स्वतः तपासावा. चूक झाली तर ती कोणी पकडण्याची वाट न पाहतां आपणच सांगावी. दिलेल्या वेळीं काम होणार नाहीं असें दिसतांच कळवावें; मुदत संपल्यावर नव्हे. आणि रोज सायंकाळीं आज काय शिकलों हें वहींत चार ओळी लिहून ठेवावें. अखेरीस हीच वही प्रमाणपत्राहून अधिक मोलाची ठरते.

एक नवी अडचण येथें सांगितली पाहिजे. २०२२ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ आलें व तेव्हांपासून प्रोग्रॅम लिहून देणारीं साधनें घरोघर पोंचलीं. नवशिक्यांस पूर्वीं जीं साधीं कामें मिळत तीं आतां कमी होतील, ही भीति निराधार नाहीं. परंतु यंत्रानें लिहिलेलें तपासण्यास समज लागतेच. गाईडमधून उत्तर उतरविणाऱ्या मुलास शिक्षकानें उलट प्रश्न विचारला कीं तो जसा अडखळतो, तशीच गत मुलाखतींत होते. “ही ओळ येथें कां आहे?” या प्रश्नास उत्तर देतां येत नसेल तर ती ओळ आपली नव्हे. यंत्राची मदत अवश्य घ्यावी, पण समजल्यावांचून एकही ओळ आपल्या नांवावर घालूं नये.

आतां पालकांस चार शब्द. जी कंपनी कामाआधीं नोंदणी फी, अनामत किंवा लॅपटॉपचे पैसे मागते, मुलाखत न घेतां व्हॉट्सॲपवर निवडीचें पत्र धाडते आणि ‘आजच भरा’ अशी घाई करिते, तिच्यापासून दूर राहावें. बँकेचा ओटीपी कोणासही सांगूं नये. फसवणूक झालीच तर लाज न बाळगतां ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी. उघडपणें शिकवणीची फी घेऊन शिकविणारा वर्ग ही निराळी गोष्ट. पण त्याला शिकवणीच म्हणावें, आणि शिकवणीच्या तराजूंतच तोलावें.

बिनपगारी उमेदवारीविषयींही स्पष्ट बोललें पाहिजे. पुण्यांत ज्याचें घर आहे त्याला सहा महिने फुकट काम करणें परवडतें. आपल्या मुलाला खोलीचें भाडें व खानावळ चुकत नाहीं. म्हणजे बिनपगारी उमेदवारी दिसण्यांत सर्वांस सारखी असली तरी वस्तुतः ती पैसेवाल्यांच्या मुलांसाठीं राखलेली जागा होते. म्हणून कंपन्यांनीं निदान राहण्या-जेवण्याचा खर्च द्यावा, असें माझें मत आहे. तोंवर आपल्या मुलांनीं घरून करतां येईल असें किंवा जिल्ह्यांतील काम आधीं पाहावें. आणि मुलींचे पालकहो, घरून करावयाचें काम आलें तर मुलीचे ते तास घरकामांत खर्ची घालूं नका. ती घरांत बसलेली दिसली तरी कामावर गेलेली आहे, असें समजा.

विद्यार्थी मित्रहो, उमेदवारी तुम्हांपासून अजून चार-सहा वर्षें दूर आहे; परंतु तिची पेरणी आतांच करावयाची आहे. पेरणी चुकवून कापणीच्या वेळीं बाजारांतून कणसें विकत आणणाऱ्यास कोणी शेतकरी म्हणत नाहीं. शाळेंतील संगणकावर आठवड्याचे दोन तास मिळत असतील तर ते खेळांत घालवूं नका. एक भाषा धरा, गांवच्या उपयोगाची एक लहान गोष्ट तयार करा, आणि ज्यांच्यासाठीं ती केली त्यांना वापरावयास द्या. पुढील वर्षींच्या या वार्षिकांत आपल्यापैकीं एका तरी मुलानें अथवा मुलीनें अशा कामाची हकीकत लिहावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून हा लेख पुरा करितों.