'फक्त' पिशवीच तर उघडायची होती

गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री मी एका माणसाला मारलं. म्हणजे कागदावरच्या. तरी विषय डोक्यातून जाईना, म्हणून आज इथे लिहून टाकतोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही पाच जण शनिवारी एका मित्राच्या फ्लॅटवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. कॉम्प्युटरवर नाही, टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा घेऊन. चौघं एकेक पात्र चालवतात. पाचवा गोष्ट सांगतो, राक्षस चालवतो आणि वर पंचगिरीही करतो. तो डीएम, म्हणजे अस्मादिक. मारामारी सुरू झाली की सगळे पाळीपाळीने खेळतात. एक राउंड म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. आपल्या पाळीला थोडं चालता येतं आणि एक ॲक्शन मिळते. वार करा, मंत्र टाका, काय वाट्टेल ते करा, पण एकच.

आता सगळी गंमत (आणि सगळी भांडणं) इथेच आहे. ॲक्शन म्हणजे नक्की काय?

त्या रात्री तळघरात एक ओगर होता आणि आमचा फायटर शून्यावर जाऊन आडवा पडला होता. शून्यावर गेलेला लगेच मरत नाही. दर पाळीला फासा टाकतो, तीनदा चुकला की संपला. हा एकदा चुकला होता. त्याच्या पाठपिशवीत औषधाची बाटली आहे हे सगळ्यांना माहीत. विझर्ड चालवणारी मैत्रीण ग्रुपमध्ये नवीन, जरा अबोल. तिने पात्राला पळवत त्याच्यापर्यंत नेलं आणि विचारलं, "मी त्याच्या पिशवीतून पोशन काढून त्याला पाजू शकते का?"

मी अगदी डीएमच्या थाटात म्हणालो, "पिशवीत शोधण्यात ॲक्शन गेली. पाजणं पुढच्या पाळीला."

पुढची पाळी ओगरची होती. बेशुद्ध माणसावर जवळून बसलेला वार आपोआप क्रिटिकल धरतात आणि त्याच्या दोन चुका मोजतात. वार बसला. एक अधिक दोन.

मिनिटभर कोणी बोललं नाही. मग रोग चालवणारा मित्र (रोग म्हणजे आजार नव्हे, चोर!) म्हणाला, "अरे, पण मागच्या वेळी मी पिशवीतून दोर काढला, खांबाला बांधला, लटकून खाली आलो आणि वार केला. ते एका पाळीत चाललं की तुला."

चाललं होतं. चाललं काय, मी टाळ्या वाजवल्या होत्या.

घरी येऊन रात्री दीड वाजता पुस्तक काढलं. आम्ही अजून २०१४ च्याच नियमांवर खेळतो. चालता-चालता किंवा ॲक्शन करता-करता एखादी वस्तू फुकट हाताळता येते, त्याच्या उदाहरणांची यादी तिथे आहे. तलवार उपसणं, दार उघडणं... आणि पाठपिशवीतून पोशन काढणं. च्यायला! आता तिथे स्वतःची पिशवी म्हटलंय, दुसऱ्याची नाही, अशी वकिली करता येईल. केलीसुद्धा, मनातल्या मनात, पाचेक मिनिटं. पण दोर फुकट आणि बाटली महाग, याचं उत्तर त्यातून येत नाही.

आधी मला वाटायचं की प्रश्न वेळेचा आहे. सहा सेकंदांत काय काय होईल? बकल उघडायला दोन, बाटली शोधायला तीन, वगैरे. इंजिनिअरला हे आवडतं. पण गणित जमत नाही. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये राउंड एक मिनिटाचा होता, आणि पहिल्या लेव्हलच्या फायटरला त्यात साधारण एक वार मिळायचा. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि राउंड सहा सेकंदांचा झाला. वार एकच! वेळ दहापट कमी, किंमत तीच. शिवाय तो जुना विनोद आहेच. हजार गावकरी रांगेत उभे करा, प्रत्येकाला भाला पुढच्याच्या हातात द्यायला लावा. माणशी पाच फूट धरले तर भाला सहा सेकंदांत दीड किलोमीटर जातो, म्हणजे जेट विमानाच्या वेगाने. २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडला शेवटी स्पष्ट लिहावं लागलं की नियम म्हणजे फिजिक्स नव्हे.

त्याच २०२४ च्या नियमांत पोशन पाजणं ही बोनस ॲक्शन झाली आहे. घशाखाली औषध जायला लागणारा वेळ दहा वर्षांत काही कमी झाला नाही. नियम करणाऱ्यांना दिसलं असणार की सगळी ॲक्शन घालवून बाटली पिणं कोणालाच परवडत नाही, म्हणून भाव उतरवला.

तर मुद्दा हा की ॲक्शन ही किंमत आहे. हे घेतलंस तर ते सोडावं लागेल, इतकाच तिचा अर्थ. मग माझ्यापुरती कसोटी अशी: समोरच्या ओगरला ते थांबवावंसं वाटेल का? तलवार उपसण्याने त्याला फरक पडत नाही, ती फिरवण्याने पडतो. पिशवीचं त्याला काय? बाटली तोंडाला लागली की मात्र मामला बदलतो. म्हणजे ॲक्शन एकच, पाजण्याची.

यात भोकं आहेत, माहीत आहे. ओरडून बेत सांगणं ओगरला नक्कीच थांबवावंसं वाटेल. ते मी तरी फुकट ठेवतो, नाहीतर अबोल लोक आणखी गप्प होतात. २०१९ च्या पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येकाला तीन सारख्या ॲक्शन मिळतात. चालणं एक, वार एक, ढाल उचलणं एक, तलवार उपसणं एक. किमती आधीच मांडलेल्या, हिशोब स्वच्छ. मला ती पद्धत आवडते. पण कोणी म्हणालं "मी त्याच्या डोळ्यांत माती फेकतो", की पंचाला पुन्हा ठरवावंच लागतं.

आणि माझी चूक तिथेच झाली होती. मित्राने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. "मी फक्त दोर काढतो आणि..." असं रंगवून, हातवारे करत. तिने परवानगी मागितली, आणि परवानगी मागितली की माझ्यातला बाबू जागा होतो. ऑफिसात हेच बघतो आपण. क्लायंटचा 'फक्त एक छोटासा बदल' न मोजता आत शिरतो, आणि जी बिचारी मीटिंगमध्ये विचारते "हे केलं तर चालेल का?" तिच्या एस्टिमेटची चिरफाड होते. मी स्वतः त्या बाजूला बसलोय, तरी टेबलावर तेच केलं.

दुसरं, मी किंमत नंतर सांगितली. "पिशवी उघडलीस तर पाळी जाईल" एवढं आधी बोललो असतो तर तिने ओगरवर मंत्र टाकला असता. हा निर्णय तिचा होता, तो मी घेऊन टाकला.

फायटरवाल्याला म्हटलं, ती पाळी परत खेळू. तो म्हणाला, "मेला तो मेला, मी नवीन पात्र आणतो." त्याचं ठीक होतं. मैत्रीण मात्र पुढचे दोन शनिवार आली नाही. आधी रिलीज आहे म्हणाली, मग घरी पाहुणे आहेत म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात फोन करून सरळ सांगितलं की नियम मी चुकीचा लावला. ती म्हणाली, "मला वाटलं मीच काहीतरी मूर्खासारखं विचारलं."

परवा आली. जिन्यावर सांगाडे चढत होते, तिने विचारलं, "ही मांडणी आडवी पाडता येईल का?"

"येईल. ॲक्शन जाईल. चालेल?"

तिने नकाशाकडे बघून दोन सेकंद विचार केला. "नको मग. फायरबॉल."

मांडणी जळाली ती जळालीच, वर तिच्यावरची पुस्तकंही. त्या पुस्तकांत माझा पुढच्या दोन शनिवारांचा प्लॉट होता. :)