तत्त्वज्ञ आणि कबुतरे

फ्रान्सची 1789 ची राज्यक्रांती ही मूठभर तत्त्वज्ञांच्या लेखण्यांची करामत होती, रूसो-व्हॉल्तेअर यांनी आपल्या दौती वेळीच पालथ्या घातल्या असत्या तर सोळावा लुई सुखाने राज्य करीत म्हातारा झाला असता, रयत तृप्तच होती, तिचे कान कोणी फुंकले एवढेच, असा सिद्धांत एका विद्वान गृहस्थांनी नुकताच मोठ्या आवेशाने मांडला आहे. ग्रंथांत हयात घालवलेल्या माणसाला जगातील यच्चयावत उलथापालथ ग्रंथांनीच होते असे वाटावे, यात नवल नाही. कुंभाराला ब्रह्मदेवही कुंभारच वाटायचा.

पण ‘तृप्त’ हा शब्द काही घशाखाली उतरत नाही. 13 जुलै 1788 रोजी पॅरिसच्या आसपासच्या मुलखात ऐन सुगीच्या तोंडावर गारांनी उभी पिके झोडपली. मागोमाग असा हिवाळा आला की नद्या गोठल्या, पाणचक्क्या थांबल्या आणि पदरी गहू असलेल्यांनाही पीठ मिळेनासे झाले. एरवी आठनऊ सूला मिळणारा चार पौंडांचा पाव फेब्रुवारी 1789 मध्ये पॅरिसला साडेचौदा सूवर गेला. साध्या मजुराची रोजची कमाई 20 ते 30 सू, आणि चौघांच्या घराला रोज लागत असे दोन पाव. म्हणजे 29 सू केवळ पावाचे! घरभाडे, जळण, जोडे आणि मजुरी बुडवणारे सणवार यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. उरलेल्या एका सूतून तो मजूर रूसोचे समग्र वाङ्मय विकत घेत असावा, असे आमच्या विद्वानांचे गणित दिसते.

इंग्लंडशी 1786 साली झालेल्या व्यापारी तहाने तिकडचे स्वस्त कापड आत येऊन विणकरांचे माग थंडावले, हेही त्यांच्या दृष्टीस पडलेले नाही.

याच पंथातील एका वक्त्याशी एका ग्रंथालयाच्या वार्षिकोत्सवात पूर्वी आमची खडाजंगी झाली होती. पाव नाही तर केक खा, असे राणी म्हणाली, ही त्यांची लाडकी कथा. ती गोष्ट रूसोच्या आत्मचरित्रात एका अनामिक राजकन्येच्या नावे आली आहे आणि ते प्रकरण लिहिले गेले तेव्हा मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात बाहुल्या खेळण्याच्या वयाची होती, असे आम्ही निवेदन केले. उत्तरादाखल अध्यक्षांनी चहापानाची वेळ झाल्याचे जाहीर केले. राणीची उधळपट्टी खरीच, पण 1788 च्या अंदाजपत्रकात दरबाराचा खर्च शेकडा सहाच्या घरात आणि कर्जफेडीचा निम्म्याच्या वर होता.

मग कारण कोणते? आमच्या मते भूक आणि रिता खजिना यांची गाठ पडली. अमेरिकेतील युद्धाने कर्ज फुगले. ते फेडण्याची ऐपत असलेले सरदार आणि धर्माधिकारी बव्हंशी करमुक्त, आणि 1787 साली जमीनमहसूल सर्वांवर सारखा बसवण्याचा प्रस्ताव येताच याच मानकऱ्यांनी तो उधळून लावला. परिणामी 1614 नंतर प्रथमच, 5 मे 1789 रोजी, धर्माधिकारी, सरदार आणि सामान्य रयत या तिन्ही वर्गांची सभा भरवावी लागली. बाकी बोजा कुळांवर: कित्येक प्रांतांत ठराविक मीठ विकत घेण्याची सक्ती, आणि त्यावरील कराची वसुली मक्तेदारांकडे. बॅस्टिलचा तुरुंग फोडला तेव्हा आत सात कैदी सापडले हे सर्वांना पाठ असते. त्याआधीच जमावाने पॅरिसच्या वेशीवरची जकातनाकी जाळली होती, त्याची मात्र कोणी वाच्यता करीत नाही.

पुस्तकांनी या संतापाला भाषा दिली, हे आम्ही खुशाल मान्य करतो. परंतु 1789 च्या वसंतात त्या सभेसाठी गावोगावच्या तक्रारींचे कागद तयार झाले, त्यांत खेडुतांनी मिठाचे रडगाणे गायिले आणि जमीनदाराच्या कबुतरखान्यावर बोट ठेवले. कारण पेरलेले दाणे ती कबुतरे टिपून नेत आणि त्यांना मारण्याची कुळाला मुभा नव्हती. ऑगस्टमध्ये सरंजामी हक्क रद्द करणारा कायदा झाला, त्याचे दुसरेच कलम कबुतरांविषयी आहे: ठराविक दिवसांत ती कोंडून ठेवावी, अन्यथा ज्याच्या शेतात उतरतील त्याने खुशाल मारावी.