परसबागेची वही आणि वर्षाचा पेरा



धाटाव-रोह्याच्या बाजूला घरामागे किंवा विहिरीच्या काठाला एक-दोन गुंठ्यांचा भाजीचा तुकडा पुष्कळ घरी असतो. भात किती पिकले, गिरणीत किती गेले, घरात किती ठेवले, हे घरातले पोरही सांगते. भाजीचे विचारले तर मात्र "होते थोडीफार" एवढेच उत्तर मिळते. या थोड्याफारीत घरच्या बाईचे वर्षभराचे श्रम असतात. ते लिहिलेले नसतात, म्हणून कोणाच्या हिशेबातही येत नाहीत.

साधा हिशेब करून पाहा. माणशी रोज ३०० ग्रॅम भाजी धरली, तर पाच माणसांच्या घराला रोज दीड किलो आणि वर्षाला सुमारे साडेपाचशे किलो भाजी लागते. यातली निम्मी जरी परसातून निघाली, तरी बाजारात जाणारा किती पैसा घरात राहिला हे तुम्हीच मांडा. पण जून-जुलैत भाजी नाही, आणि फेब्रुवारीत वांगी एवढी की शेजारीही घेईनात, अशी गत झाली तर ही बचत हाती लागत नाही. दोष जमिनीचा नसतो. सगळे एकाच दिवशी पेरले जाते आणि गेल्या खेपेला कधी पेरले होते ते कोणाला आठवत नाही. यावर उपाय एका वहीचा आहे.

शाळेची शंभर पानी वही पुरते. तिला दोरी बांधून पेन्सिलीसह मागच्या दाराशी खिळ्याला टांगावी. कपाटात ठेवलेली वही कोणी लिहीत नाही. पहिल्या पानावर बागेचा नकाशा काढावा. विहीर कुठे, सावली कुठे, पाणी कुठे साचते ते दाखवून प्रत्येक वाफ्याला क्रमांक द्यावा. पुढच्या पानांवर सहा रकाने आखावेत: तारीख व नक्षत्र, वाफ्याचा क्रमांक, पीक व बियाणे कोठले, पहिली तोडणी, एकूण किती निघाले, आणि शेरा. शेऱ्यात पाऊस, कीड, विहिरीची पातळी आणि कालव्याला पाणी कधी आले, कधी बंद झाले हे लिहावे. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिकेला मिळते, म्हणून आपली नदी उन्हाळ्यातही वाहती असते. तरी कालव्याचे पाणी आपल्या बांधापर्यंत कोणत्या दिवशी पोचते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. चार वर्षांच्या नोंदी असल्या म्हणजे उन्हाळी भाजी किती करावी याचा अंदाज चुकत नाही.

तारखेबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपण "गणपतीच्या आधी दीड महिना भेंडी लावली" असे म्हणतो. सण तिथीवर चालतात आणि तिथी दर वर्षी सरकते. गणेश चतुर्थी २०२५ साली २७ ऑगस्टला होती, तर २०२६ साली ती १४ सप्टेंबरला येते. फरक १८ दिवसांचा आहे. नक्षत्र सूर्यावर चालते, म्हणून मृग ७-८ जूनला आणि हस्त २६-२७ सप्टेंबरला निघतो, त्यात फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो. यासाठी वहीत इंग्रजी तारीख आणि नक्षत्र दोन्ही लिहावे.

सणाला भाजी विकायची असेल तर तारीख उलटी मोजावी. गणपतीत मुंबईचे चाकरमानी घरी येतात आणि भेंडी-काकडीला गिऱ्हाईक वाढते. भेंडीची पहिली तोडणी पेरणीपासून साधारण ४५ ते ५० दिवसांनी येते. आणखी पाच दिवस हाताशी ठेवून ५५ दिवस धरावेत. मग २०२५ साली पेरणी ३ जुलैला हवी होती आणि २०२६ साली ती २१ जुलैला हवी. आपल्याकडचा पाऊस जोराचा, म्हणून बी उंच वरंब्यावरच टोकावे.

आता वर्षाचा पेरा पाहू. मे अखेरीस, रोहिणी निघाली की गादीवाफे करून घ्यावेत, वेलांचे खड्डे शेणखताने भरावेत आणि मांडव उभा करावा. मृगाच्या पहिल्या पावसावर शिराळी, पडवळ, कारली आणि काकडी टोकावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे 'कोकण तारा' कारले आणि 'कोकण हरिता' दोडका या हवेसाठीच काढलेले वाण आहेत. ऑगस्ट अखेर ते सप्टेंबरमध्ये वांगी, मिरची व टोमॅटोची रोपे गादीवाफ्यावर करावीत, म्हणजे पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात लागण होते. भात निघाले की ओलीवर वाल पडतोच. त्याच सुमाराला परसात मुळा, माठ, मेथी, कोथिंबीर यावी. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी पाहून चवळी, गवार आणि उन्हाळी भेंडी करावी.

पालेभाजी मात्र एकदम पेरू नये. माठ-मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. एका वाफ्याचे तीन भाग करून दर दहा दिवसांनी एक भाग पेरला, तर रोज ताजी जुडी मिळते. कोणता भाग कधी पेरला हे वहीत असले म्हणजे झाले.

वहीचा दुसरा उपयोग फेरपालटाचा. वांगी, टोमॅटो आणि मिरची एकाच कुळातली आहेत. हिरवेगार झाड दोन दिवसांत माना टाकते, तो जिवाणूजन्य मर रोग मातीत राहतो आणि कोकणात त्याचा त्रास बराच आहे. ज्या वाफ्यात मर दिसली त्यावर नकाशात फुली मारावी. तेथे निदान तीन वर्षे या तिघांपैकी काहीही लावू नये. माणूस तीन वर्षांत विसरतो, म्हणून ती फुली हवी.

तिसरा उपयोग बियाण्याचा. घरच्या वालाचे, गावठी मिरचीचे बी कोणत्या झाडाचे धरायचे हे आज घरातल्या आजींना माहीत असते. निरोगी, भरघोस झाडाला त्या चिंधी बांधतात आणि त्याच्या शेंगांना पोपटीसाठीही कोणाला हात लावू देत नाहीत. ही माहिती त्यांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. मुलगा कारखान्यात पाळीवर जातो, सून नवी, नात शाळेत. आजींच्या मागे हे बी कोण ओळखणार? म्हणून आजींनी सांगावे आणि नातीने लिहावे. बी कोणाकडून आले, किती वर्षे घरात आहे, कधी वाळवले, कशात भरले, सगळे लिहावे. संकरित बियाण्यापुढे तसे स्पष्ट नोंदवावे, कारण त्याचे बी पुन्हा धरले तर पीक मुळासारखे येत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात मांडव, झाडे, घरांची छपरे काही तासांत गेली. अशा वेळी काय होते आणि काय गेले हे आठवून सांगणे जड जाते. वही म्हणजे सातबारा नव्हे, तिच्यावर भरपाई ठरत नाही. पण ई-पीक पाहणी भरताना किंवा पंचनाम्याला माणसे दारात आली असताना, तारीख आणि क्षेत्र ठामपणे सांगता येते.

आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री जेवणे झाल्यावर, पाच मिनिटे दिली तरी पुरे. सुंदर अक्षर नको, मोठी वाक्ये नकोत. "वाफा ३, माठ, दोन जुड्या घरी, पाच विकल्या" एवढे लिहिले तरी चालेल. वर्षाअखेरीस विकलेल्या जुड्यांची बेरीज घरच्या कर्त्याने सर्वांसमोर वाचून दाखवावी. परसातून किती आले ते त्या दिवशी सर्वांना कळेल, आणि ते कोणाच्या हातचे हेही कळेल.

पुढील लेखात गादीवाफ्यावर निरोगी रोपे कशी करावीत ते पाहू. तोवर नकाशाचे पहिले पान तयार ठेवा.