खर्जाला दाब नको, पकड हवी

गजाने वाजणाऱ्या वाद्यांचा विषय निघाला की आमच्या हैदराबादेतल्या अफझलगंज-गौळीगुड्याच्या मराठी मंडळींत दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले असे, की खर्जाची तार जात्याच जड. तिच्यावर जलद स्वर काढायचे तर गज दाबून ओढलाच पाहिजे. दुसरे असे, की एवढे करूनही जमले नाही तर तान सरळ वरच्या सप्तकात न्यावी, खर्ज आलापापुरता.

यातली अडचण खरी आहे, हे आधी मान्य करू. उदाहरणार्थ, गजाने वाजणाऱ्या डबल बासची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. म्हणजे एका कंपनाला साधारण २४ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांची लय धरून मात्रेत चार स्वर घेतले, तर प्रत्येक स्वराच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद, जेमतेम पाच कंपने येतात. त्यांतली तीन घरघरण्यात गेली तर उरले काय?

रोग खरा, पण औषध चुकीचे. राळ लावलेले केस तारेला धरून ओढतात, तार सुटते, पुन्हा धरली जाते. दर कंपनाला हे एकदाच घडले तर स्वर स्वच्छ. भार जास्त आणि सुरुवात संथ असेल, तर तार वेळेवर सुटत नाही आणि कर्रकर्र ऐकू येते. भार कमी आणि गज एकदम पळाला, तर ती एका कंपनात अनेकदा निसटते आणि शीळ वाजते. म्हणजे प्रश्न भार आणि वेग यांच्या मेळाचा. नुसता दाब वाढवणारा पहिल्या दोषाला आमंत्रण देतो.

‘जड बंडीला जोर लागतोच,’ असे कुणी म्हणेल. लागतो ना! पण बेगम बाजाराकडे भरली बंडी नेणारा हमाल तिच्यावर धडका मारत नाही. आधी खांदा टेकवतो, मग रेटतो आणि चाक फिरताच जोर आवरतो. गजाचेही तसेच. तो तारेवरून उचलू नये. दंडाचे वजन आधी तारेवर उतरू द्यावे, केसांनी तार धरली की हात हलवावा आणि स्वर सुटताच वजन हलके करावे. फटकारा चार बोटांचा पुरे, तोही मुठीकडच्या अर्ध्या भागात. तिथे गजाचे स्वतःचे वजन मदतीला येते. रियाज संथ लयीत करावा, पण फटकारा आखूडच ठेवावा. लांब गज ओढून आखूड फटकाऱ्याची सुरुवात हाताला बसत नाही.

दुसऱ्या मताला इतिहासच उत्तर देतो. १७९९ मध्ये बासवादक द्रागोनेत्तीने बीथोवनची चेलो सोनाटा डबल बासवर वाजवून खुद्द बीथोवनला चकित केले. १८०८ मध्ये व्हिएन्नात प्रथम सादर झालेल्या बीथोवनच्याच पाचव्या सिम्फनीच्या तिसऱ्या भागात चेलो आणि बास यांची खालच्या पट्टीतली दौड आहे. ती वर नेली तर त्या जागेचा अर्थच जातो. ‘एवढ्या खालचे जलद स्वर वेगळे कळतच नाहीत,’ हा आक्षेप अर्धाच खरा. तिथे वरच्या सप्तकातले चेलो आधार देतात, हे खरे. पण बासच्या स्वरांच्या कडा घासलेल्या असतील तर चेलोही त्या झाकू शकत नाहीत.

म्हणून तान वर नेण्याआधी प्रत्येक स्वराची सुरुवात तपासावी. ती स्वच्छ होऊनही तान धूसर राहिली, तरच तारेला दोष द्यावा.